मीठ किंचित जास्त

आधी बोंबलाचं बोलू.
रव्यात घोळवलेला बोंबील मला चालत नाही.
कुरकुरीत लागतो म्हणतात. लागतो.
टोस्टही लागतो.
तांदळाचं पीठ हवं, तेही जेमतेम अंगाला लागेल इतकं,
आणि तुमचा चमचा-काटा बाजूला ठेवा,
काटा त्याचा त्याला पुरे आहे.
दादरला एका ठिकाणी बोंबील चौकोनी करून देतात,
दाबून, पाणी काढून, इस्त्री केल्यासारखा.
मी मॅनेजरला बोलावून विचारलं, पंचनामा झाला का याचा?
तो हसला नाही.
मी पुन्हा गेले नाही.

सोलकढी मी उजेडात धरून बघते.
आमसुलाचा रंग लग्नपत्रिकेसारखा नसतो.

लालबागच्या त्या मटणाबद्दल
शालन वर्टी डोळे पुसत म्हणाली, काय चव आहे!
म्हटलं, तिखट ही चव नव्हे गं, धमकी आहे.
तसं आमचं बोलणं मधे दोन महिने बंदही होतं,
खारी चहात किती वेळ बुडवावी यावरून.
(तीन मोजेपर्यंत. ती पाच म्हणते.
पाचला खारी राहत नाही, गाळ राहतो.)

लोअर परळला भाच्यानं नेलं.
दगडाच्या पाटीवर थालीपीठ आलं, बांगडीएवढं,
मधोमध लोण्याचा ठिपका, गंध लावल्यासारखा.
मी वेटरला म्हटलं, छान आहे.
बाकीचं कधी येणार?

एकतीस वर्षं बॅलार्ड इस्टेटला हिशेब लिहिले
आणि एकदाही डबा नेला नाही.
घरी यावरून जे बोललं गेलं
ते पचायला जेवणापेक्षा जड होतं.
बाईमाणूस, रोज, एकटी, खानावळीत.
सुरुवातीला मला आत पाठवायचे,
‘फ्यामिली रूम’मध्ये, हिरव्या पडद्यामागे,
जिथं पंखा नव्हता आणि आमटी येईतो निवायची.
फ्यामिली खंय? बाबल वेटर विचारायचा.
मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी दाखवायची.

एका दुपारी पडदा सरकवून बाहेर आले
आणि चार नंबरला बसले, तीन गुमास्त्यांच्या मधे.
तिघं गप्प.
वाट्यांचा तेवढा आवाज.
मग एकानं, मान वर न करता,
लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.

तिथली तिसऱ्यांची एकशिपी,
तिथली काळ्या वाटाण्याची उसळ,
सोमवारी उरलेल्या भाताचे वडे, जे पाटीवर कधीच नसत:
यावर मी तासभर बोलू शकते, बोललेही आहे,
ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांच्याशीसुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात सामोसे, वेफर्स, एक शाल.
सामोसा गार. शाल गरम.
निघायला साडेतीन झाले.
खानावळीत खुर्च्या टेबलांवर चढलेल्या,
बाबल लादी पुसत होता. सगळा संपला, म्हणाला.
मागं तातू मेस्त, स्वयंपाकी,
उलट्या डब्यावर बसून जेवत होता.
एवढ्या वर्षांत त्याचे फक्त हात पाहिले होते,
खिडकीतून ताटं सरकवणारे.
काय आहे? विचारलं.
पेज. सुकटाची चटणी.
हे तुम्ही पाटीवर का लिहीत नाही?
ता काय इकूचा? तो म्हणाला,
आणि एक वाडगा माझ्यापुढं केला.

पेजेला धुराचा वास होता, गॅसवर शिजलेली असूनही.
सुकट भाजलेलं, खोबरं नुसतं चुरडलेलं,
कांदा हातानं फोडलेला.
मी उभ्यानंच खाल्लं,
शाल खांद्यावरून घसरत होती ती तशीच.
कुठलं मत सुचेना.

पत्ता विचारू नका.
तुम्ही जाल, फोटो काढाल,
आणि उद्या ती पेज दगडाच्या पाटीवर येईल.

मीठ किंचित जास्त होतं.
सांगितलं मी त्याला.
तो म्हणाला, माका ठावक हा.